चालतो, चालत नाही

३ मार्च, सोमवार

आणि बाबांचं हे नेहमीचंच आहे. स्वतः बोलायचं नाही, आईला फोनवर पुढे करायचं आणि मागून खाकरायचं. काल आई विचारत होती, वेळेवर जेवतोस का, तेवढ्यात मागून आवाज, "विचार त्याला, अजून तिथेच आहे की पळाला?" मी म्हटलं, आई, सांग त्यांना, तिथेच आहे. आई म्हणाली, "तूच सांग की. देते फोन." मागून लगेच, "मला नको. मशीन उघडून बसलोय."

रविवारी मशीन उघडून बसलेत म्हणे.

घरातून निघालो तेव्हा काय बोलले ते मी विसरलेलो नाही. बाबांचं शिलाई मशीन दुरुस्तीचं दुकान आहे, घराच्या पुढच्या खोलीत. समोर गिऱ्हाईक बसलेलं. त्याच्यादेखत म्हणाले, "सहा महिने एका जागी टिकलास तर अर्धी मिशी उतरवीन. आणि तोवर मला फोन करू नकोस." गिऱ्हाईक फिदीफिदी हसलं. मी पिशवी उचलली आणि निघालो. नंतर आठवलं, टॉवेल राहिला.

आता मी टिकत नाही हे खरं आहे. शाळेत आठवीपुढे बूड टेकलं नाही. बाबांच्या दुकानात कंटाळलो, टायरवाल्याकडे कंटाळलो, बेकरीत तर भाजूनच निघालो. पण खरं असलं म्हणून गिऱ्हाइकासमोर बोलायचं का?

या एकतीस तारखेला सहा महिने होतात. मी काही मोजत बसलेलो नाही.

४ मार्च, मंगळवार

कालचं सगळं बाबांवरच गेलं. ही वही खरं तर त्यासाठी नाही. ही भाच्याने लिहायला लावलीय. भाचा म्हणजे आमच्या लाँड्रीच्या मालकीणबाईंचा भाचा, कॉलेजात शिकतो. त्याने लाँड्रीला मेसेजवर चालणारा बॉट करून दिला आणि परीक्षेला निघून गेला. बॉट म्हणजे फोनमधला नोकर. गिऱ्हाइकाने मेसेज केला की तो नमस्कार करतो आणि खाली तीन बटणं दाखवतो: 'कपडे न्यायला या', 'कपडे झाले का?' आणि 'तक्रार'. बटण दाबलं की दुकानाच्या फोनवर टिंग वाजतं आणि कोणी काय दाबलं ते दिसतं.

तो फोन माझ्याकडे. का, तर मी इस्त्रीवर तीन शर्ट जाळले. बाई म्हणाल्या, "याला गरम वस्तूपासून लांब ठेवा."

बॉटच्या आतलं पान मला जमायला लागलंय. लिहिणं फार नाही, सगळे चौकोन आणि बाण. हे बटण दाबलं तर हे उत्तर, ते दाबलं तर ते. भाचा म्हणाला, जे बदलशील ते वहीत लिहून ठेव, नाहीतर उद्या तुलाच कळणार नाही काय केलंस. म्हणून वही. त्यात मीच जास्त आणि बॉट कमी येतोय, पण ती काय त्याला वाचायला देणार आहे थोडीच.

७ मार्च, शुक्रवार

आज डोक्याचा भुगा झाला.

एका घरून 'कपडे न्यायला या' असं ओळीने सहा वेळा आलं. बॉटने सहा फेऱ्या लावल्या. गाडीवाले मामा कागद बघून म्हणाले, "एवढे कपडे? लग्न आहे का पूर आलाय?" गेले तर दोन चादरी आणि एक उशीचा अभ्रा.

भाच्याला फोन केला. तो म्हणाला, गिऱ्हाइकाने बटण दाबलं की बटणावर एक गोल फिरायला लागतो. बॉटने 'कळलं' म्हटल्याशिवाय तो थांबत नाही. आपला बॉट आधी सगळं काम उरकतो, मग बोलतो. तोवर माणसाला वाटतं दाबलं गेलंच नाही, म्हणून तो परत दाबतो.

"हे बघ," म्हणाला, "दाराची कडी वाजली की तू काय करतोस?"

"उठतो."

"नाही. आधी बसल्या जागेवरून 'आलो, आलो' म्हणतोस. मग उठतोस. न ओरडता चपला शोधत बसलास तर तो बाहेर दार बडवत राहणारच."

एवढं सोपं होतं तर आधी का नाही सांगितलं, असं विचारलं. म्हणाला, "मलापण आत्ताच सुचलं."

बदल: तिन्ही बटणांना आधी 'कळलं', मग काम.

संध्याकाळी तपासून बघायला मी एक नवा मेसेज केला. 'हा बॉट चालतो का?' खाली दोन बटणं, 'चालतो' आणि 'चालत नाही'. बाबांचंच वाक्य सुचलं. त्यांच्या लेखी मशीनच्या दोनच जाती. "बरं चालतंय" असं कोणी म्हटलं की ते चिडतात, बरं म्हणजे काय? 'चालतो' दाबलं की उत्तर येतं: 'धन्यवाद. काम चालू आहे.' 'चालत नाही' दाबलं तर: 'बघतो.'

पाठवायला दुसरं कोणी नव्हतं, म्हणून घरच्या फोनवर पाठवला. आईने दाबलं. टिंग. 'घर: चालतो.' झालं, चाचणी पास.

१२ मार्च, बुधवार

घरच्या फोनचं काहीतरी बिनसलंय. रोज सकाळी आपोआप टिंग होतं, 'घर: चालतो'. तोच चाचणीचा जुना मेसेज. आई तर सकाळीच पाळणाघरात कामाला जाते. तिथे फोन चालत नाही, म्हणून ती तो दुकानात बाबांच्या टेबलावर ठेवून जाते. नक्की कुणा गिऱ्हाइकाचं पोर खेळत असणार. बाबांचं कशाकडे लक्ष असतं? मशीनमध्ये डोकं घातलं की वरून गाढव गेलं तरी कळत नाही.

बाई आज खूश आहेत. 'कळलं' आल्यापासून प्रत्येकाने एकदाच दाबलंय. मला म्हणाल्या, "डोकं आहे हं तुला." आणि वर, "इस्त्रीला हात लावू नकोस तेवढा."

१६ मार्च, रविवार

सुट्टी. कपडे धुतले. लाँड्रीत काम करून स्वतःचे कपडे बादलीत धुवायचे, याला काय म्हणावं.

लंब्याचा फोन आला होता. बेकरीत माझ्याबरोबर होता तो. आता बंदरावर लागलाय, म्हणतो पगार जास्त, ये. "तू इतके दिवस एका ठिकाणी? तब्येत बरी आहे ना?" मी म्हटलं विचार करतो. आणि खरंच केला, दुपारभर केला. खोलीतून गल्लीच्या टोकापर्यंत चार वेळा जाऊन आलो, पाय शिवशिवतात तेव्हा मी असंच करतो.

पण तिकडे बॉट नाही. 'कपडे झाले का?' या बटणाला मला अजून एक गंमत करायचीय. नुसतं 'नाही' न म्हणता 'धुवून झाले, वाळतायत' असं सांगायला हवं. ते अर्धं टाकून जायचं?

आज टिंग सकाळी नाही, दुपारी झालं. रविवारी पोरंपण उशिरा उठत असतील.

१९ मार्च, बुधवार

काल बॉट दिवसभर मुका होता. त्याचं महिन्याचं भाडं भरायचं राहिलं होतं, बाईंना वाटलं भाच्याने भरलं, भाच्याला वाटलं बाईंनी. लोक बटणं दाबतायत, गोल फिरतोय, उत्तर नाही. मी एकेकाला हाताने फोन करून सांगत बसलो, घसा बसला.

संध्याकाळी भाडं भरलं आणि तुंबलेलं सगळं एकदम वाजायला लागलं. टिंग, टिंग, टिंग. त्यात निम्म्याहून जास्त 'घर: चालतो, घर: चालतो, घर: चालतो'. शेवटी एक 'चालत नाही'. मग परत 'चालतो'. बटणच अडकलंय बहुतेक त्या फोनचं.

त्यानंतर लगेच आईचा फोन. आठवड्यात मधेच ती कधी करत नाही. म्हणाली, "बरा आहेस ना रे?"

"बराय की. का?"

"काही नाही, सहज. काम आहे ना तिथलं अजून?"

"आहे. असं का विचारतेस?"

"मी कुठे विचारतेय," म्हणाली आणि मग कुणाला तरी सांगितल्यासारखं मोठ्याने, "आहे हो काम! बरा आहे!"

मी म्हटलं कोणाला सांगतेयस? म्हणाली, शेजारणीला. शेजारीण माझी एवढी काळजी कधीपासून करायला लागली? मी तिचा कुंडा फोडला होता.

२४ मार्च, सोमवार

आज बाईंचा पारा चढला आणि तो माझ्यावर उतरला.

आमच्या गिऱ्हाइकांत एक निवृत्त मास्तरीणबाई आहेत, तिसऱ्या मजल्यावर राहतात. लिफ्ट नाही. बॉटवर 'कपडे न्यायला या' आलं, मामा गेले, तिन्ही मजले चढले. मास्तरीणबाई दार उघडून म्हणतात, "मी कुठे बोलावलं?" शनिवारीही तेच झालं होतं. आज मामा खाली येऊन गाडीच्या पायरीवरच बसले. "माझे गुडघे काय सरकारी आहेत का रे?" म्हणाले. एवढंच बोलले, पण सगळ्यांसमोर. त्यात दुसरं गिऱ्हाईक ताटकळलं, त्याच्या मुलीच्या मुलाखतीचा कोट वेळेवर पोचला नाही.

बाई म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत बघते. असंच चाललं तर बॉट बंद आणि फोन पूर्वीसारखा माझ्याकडे. मग तुला द्यायला माझ्याकडे काम नाही, आधीच सांगते."

महिनाअखेर म्हणजे एकतीस. म्हणजे सहा महिने व्हायच्या दिवशीच मी पिशवी उचलायची. बाबांची मिशी शाबूत. मनात आलं, लंब्याला आजच हो म्हणून टाकावं. हाकललं म्हणण्यापेक्षा सोडलं म्हटलेलं बरं.

फोन हातात घेतला होता. मग म्हटलं आधी मास्तरीणबाईंकडे तर जाऊन येऊ.

२५ मार्च, मंगळवार

सापडलं!

मास्तरीणबाईंनी मला बसवलं, पाणी दिलं. म्हटलं, तुम्ही फोन कसा बघता ते जरा दाखवा. त्यांनी चष्मा लावला आणि मेसेज वर सरकवत सरकवत पार मागच्या आठवड्यात गेल्या. "मी आधीचं सगळं वाचून मग नवीन वाचते," म्हणाल्या. "सवय आहे." आणि वर सरकवताना त्यांचं बोट जुन्या बटणावर पडलं. माझ्या खिशात टिंग.

म्हणजे जुनं बटण मरतच नाही. आठवड्यापूर्वीचं असो नाहीतर महिन्यापूर्वीचं, दाबलं की बॉटला वाटतं आत्ताच बोलावलं.

त्या घाबरल्या. "माझंच चुकलं का?"

मी म्हटलं, "नाही हो, तुमचं कसं? दार आमचंच उघडं राहिलंय."

भाच्याला सांगितलं तर तोच उडाला. म्हणाला, "हे माझ्या डोक्यातच नव्हतं रे." मग दोघांनी मिळून फोनवर तासभर खटपट केली. आता बटण एकदा दाबलं की पुसलं जातं, त्याच्या जागी नुसतं लिहिलेलं राहतं, 'तुम्ही न्यायला बोलावलं आहे'. आणि आजपर्यंत पाठवलेली सगळी जुनी बटणं एका झटक्यात साफ. भाचा म्हणाला, "साफ करू ना नक्की? परत आणता येणार नाहीत." मी म्हटलं, बिनधास्त कर.

घरचं ते चाचणीचं बटणही गेलं. बरं झालं, रोजची कटकट गेली.

२७ मार्च, गुरुवार

मामा दोन दिवसांत एकदाही उगीच चढले नाहीत. मला आज गाडीत पुढे बसवून नेलं आणि वाटेत म्हणाले, "पोरा, माझे गुडघे तुझं नाव काढतायत." बाईंनी दुपारी फोनचा चार्जर नवीन आणून दिला. काढून टाकायच्या माणसाला कोणी नवीन चार्जर देत नाही, असं माझं मत.

सकाळी उगीचच चुकल्यासारखं वाटत होतं. मग लक्षात आलं, टिंग झालं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

आज जे झालं ते नीट लिहितो.

सकाळी लाँड्रीचा फोन वाजला. मेसेज नाही, फोन. वर नाव 'घर'. मला वाटलं आईला काही झालं. उचलला तर खाकरण्याचा आवाज.

"तुझं ते बंद पडलंय."

बाबा. सहा महिन्यांनी.

मी म्हटलं, "काय बंद पडलंय?"

"ते. चालतो, चालत नाहीवालं. परवा बघितलं, काल बघितलं, आज बघितलं. बटणच नाही."

"ते मीच काढलं बाबा. जुनं होतं, चाचणीपुरतं."

"चालत होतं ना?"

"चालत होतं."

"मग चालतं मशीन उघडायचं नसतं. किती वेळा सांगितलंय!"

मी विचारलं, "रोज तुम्ही दाबत होता?"

"मी कशाला दाबू? मला दुसरे उद्योग नाहीत? तुझी आई म्हणाली दिसत नाही म्हणून."

मागून आई, आज पाळणाघराला सुट्टी असणार, "माझं नाव नका घेऊ! मला काय माहीत तुमची बटणं!"

त्यांच्या टेबलावरचा पंखा ऐकू येत होता, तो अजून तस्साच करकरतो. सगळ्या गावाची मशीनं दुरुस्त करतात, तो पंखा सोडून.

"परत बसवता येतं का?" त्यांनी विचारलं.

"येतं."

"बसव मग. आणि उत्तर तेच ठेव. काम चालू आहे, असं येत होतं ते. शब्द बदलू नकोस." आणि ठेवला फोन. कसा आहेस नाही, काही नाही.

मी बराच वेळ विचार केला. माझ्या मते त्यांना यंत्राची आवड, बस. कुठलंही यंत्र दिसलं की त्यांचे हात शिवशिवतात, यात नवीन काही नाही. मशीन पाहिलं की चाक फिरवून बघतात, तसंच बटण दाबून बघत असणार. पण सहा महिने पुरे व्हायच्या आधी फोन त्यांनी केला, मी नाही. हे वहीत राहू दे.

बदल: फक्त घरच्या फोनवर रोज सकाळी नवा मेसेज. 'हा बॉट चालतो का?' दोन बटणं. उत्तर तेच, शब्द न बदलता.

२९ मार्च, शनिवार

टिंग. 'घर: चालतो.'

लंब्याला नाही म्हणून कळवलं. म्हणतो, "पस्तावशील." त्याला काय सांगणार? म्हटलं, 'वाळतायत'वालं बटण अर्धं राहिलंय. तो म्हणाला, "काय?"

३१ मार्च, सोमवार

सहा महिने.

सकाळी टिंग झालं आणि बघतो तर 'घर: चालत नाही'. बॉटने उत्तर दिलं, 'बघतो.' पण बॉट काय डोंबल बघणार? मी तसाच बाहेर आलो, ओले टॉवेल कपडे धुणाऱ्या मावशींच्या हातात दिले आणि घरी फोन लावला. पहिल्या घंटेला उचलला. म्हणजे फोन हातातच होता.

"बाबा, काय झालं? काय चालत नाही?"

"काही नाही. ते दुसरं बटण चालतं का बघत होतो."

"मी घाबरलो ना इकडे!"

"दोन्ही बाजू तपासल्याशिवाय मशीन झालं असं म्हणत नाहीत." मग, "लगेच फोन येतो होय त्याच्यावर?"

"येतो."

"हं."

त्यांचा हा 'हं' मी ओळखतो. जुनं मशीन पहिल्या फेरीला टाका न सोडता चाललं की ते असं म्हणतात.

मग बोलत बसलो. त्यांनी विचारलं, बॉट आतून कसा असतो. मी चौकोन आणि बाण सांगितले, कडी वाजल्यावर 'आलो' म्हणायचं ते सांगितलं. ते म्हणाले, "हे बरोबर आहे. गिऱ्हाईक दारात आलं की मीपण मान वर करतो, हात थांबत नाहीत." मला हसू आलं, कारण ते कधी म्हणजे कधी मान वर करत नाहीत. बोलता बोलता कळलं की त्यांना बटणावरची अक्षरं दिसतच नाहीत. डावीकडचं चालतो, उजवीकडचं चालत नाही, एवढं जागेवरून लक्षात ठेवलंय. उत्तर वाचायला आणि सुईत दोरा ओवायलाही आता शेजारच्या मुलीला हाक मारतात. चष्मा करा म्हटलं तर म्हणे, "बघू."

फोन ठेवता ठेवता म्हणाले, "अजून तिथेच आहेस म्हणजे."

"हो."

"आज एकतीस ना?"

"हो."

"मी शब्दाचा पक्का आहे."

मागून आई ओरडली, ती आज मुद्दाम घरी राहिली होती म्हणे, "अरे, खरंच आरशासमोर उभे आहेत रे ते सकाळपासून! वस्तरा काढलाय! काहीतरी बोल त्यांना!"

मी म्हटलं, "बाबा, राहू द्या मिशी. अर्धी गेली तर गिऱ्हाईक दुरुस्तीला मशीन नाही, तुम्हालाच टाकून जाईल." ते हसले. माझ्याशी बोलताना हसले, हे मला आठवतंय त्याला बरीच वर्षं झाली असतील. म्हणाले, "ठीक आहे. पुढच्या सहा महिन्यांना लावू पैज." मी म्हटलं लावू. मला वाटतं ते हरतील.

दुपारी बाईंनी बोलावलं. बॉट राहतो. मी राहतो. पगारात थोडी वाढ, आणि अट तीच, इस्त्रीपासून लांब.

संध्याकाळी पैसे पाठवायच्या खिडकीवर गेलो. तिथला माणूस मला आता तोंडओळखीने ओळखतो, म्हणाला, "दर महिन्याचेच ना, सात हजार?" मी म्हटलं, थांबा, आज आकडा वेगळा आहे. सात घरखर्चाचे, आणि त्यावर बाबांच्या चष्म्याचे. आईला सांगून ठेवलंय, पैसे त्यांच्या हातात देऊ नकोस, चष्म्याच्या दुकानात घेऊन जा आणि तिथेच बसव. नाहीतर ते 'बघू' म्हणतील आणि बघायलाच चष्मा नसेल.

पाठवतोय: आठ हजार दोनशे.